शनिवार तेली : गोरे इस्राएल, काळे इस्राएल

उर्से गावातल्या आमच्या बौद्धवाड्यात एकदा बुद्धजयंतीला एक पाहुणे आले होते. पुण्याच्या ज्या शाळेत मी शिकवत होतो तिथले ते माझे वडीलधारे सहकारी. आडनाव 'कर'ने संपणारे, बोलणे अलिबागकडच्या वळणाचे, डोक्यावर काळी टोपी. माझ्या आजीने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवण्याआधी मला बाजूला घेतले आणि हळूच विचारले, "ह्यांना आपल्या हातचं चालतं का रे?" ते त्यांनी ऐकले असावे. ते हसून म्हणाले, "आजी, आम्ही शनिवार तेली. द्या पाणी." आजीला तेली कळला, शनिवार कळला नाही. पण पाणी दिले गेले आणि ते प्यायले गेले.

संध्याकाळी तळेगावच्या स्टेशनावर लोकलची वाट पाहताना ते मला म्हणाले, "सर, तुमच्या आजींनी विचारलं त्यात काही चूक नाही. माझी आई असती, तर तिनं काळ्या इस्राएलच्या घरचं पाणी घेतलं नसतं." मी सुन्न झालो. ज्यू म्हणजे युरोपात हिटलरने गॅसच्या कोठड्यांत घातलेला माणूस, एवढेच तोवर मला माहीत होते. छळलेल्या माणसाच्या घरातही एक वेगळा तांब्या असतो, हे त्या फलाटावर पहिल्यांदा कळले. त्यानंतर या विषयावरचे जे मिळेल ते मी वाचत आलो. हा लेख त्या वाचनातून झाला आहे. आपल्या चळवळीतल्या मुलांनी तो वाचावा अशी इच्छा आहे, कारण यात त्यांच्या घरचाही हिशेब आहे.

बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची लेकरे. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगाव येथे त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, बाकीची प्रेते किनाऱ्यावर पुरली. नवगावला त्या जागी आजही त्यांचे स्मशान दाखवतात. इथे थांबून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. याच कोकण किनाऱ्यावर चित्पावनांची उत्पत्तिकथाही समुद्रातून वाहून आलेल्या चौदा प्रेतांची आहे. परशुरामाने ती शुद्ध केली, जिवंत केली आणि त्यांचे ब्राह्मण केले. आकडा तोच, किनारा तोच, गलबतही जवळजवळ तेच. एका कथेतले चौदा शास्त्राचे मालक झाले आणि दुसऱ्या कथेतले चौदा घाण्याला जुंपले गेले. दोन्ही कथांत खरे किती आणि रचलेले किती हा प्रश्न वेगळा. पण समुद्रातून येणाऱ्याला इथल्या समाजव्यवस्थेने कोणत्या तरी पायरीवर बसवल्याशिवाय कधी सोडले नाही, एवढे या दोन कथांवरून दिसते.

बेने इस्राएलांना तेल्याची पायरी मिळाली. ते घाणा चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली वेगळे. म्हणजे ज्या दिवसाला जगभरचे ज्यू शब्बाथ म्हणतात आणि सहा दिवसांची सृष्टी निर्मून देवाने विसावा घेतलेला दिवस मानतात, त्या दिवसाचे इथे एका पोटजातीचे नाव झाले. गावाला त्यांचा देव कोण याच्याशी कर्तव्य नव्हते. हे काय करतात, कधी करत नाहीत, यांना कुठे बसवायचे, एवढे ठरले की गावाचे काम भागले. ते सुंता करीत, खवले नसलेला मासा खात नसत, आणि हिब्रूतले 'शेमा' हे एकच वाक्य त्यांच्या तोंडी उरले होते. ग्रंथ नव्हता, धर्मगुरू नव्हता. पुढे दाविद राहाबी नावाचा एक ज्यू आला, त्याने त्यांच्या बायकांना मासे निवडून दाखवायला सांगितले, आणि त्यांनी खवले व पर असलेलेच मासे बाजूला काढले, यावरून त्याने हे ज्यू आहेत हे ओळखले, अशी त्यांची आठवण आहे. धर्म बायकांच्या विळीवर आणि चुलीवर टिकला होता, असा तिचा अर्थ मी घेतो.

त्यांच्या आडनावांकडेही पाहिले पाहिजे. पेणकर, नवगावकर, दिवेकर, अष्टमकर, झिराडकर, राजपूरकर, चेऊलकर. कुलाबा जिल्ह्यातल्या शंभराहून अधिक गावांची नावे या समाजाने अंगावर घेतली आहेत. हिंदी चित्रपटातला आपला डेव्हिड हा डेव्हिड अब्राहम चेऊलकर. वरळीला ज्यांच्या नावाचा रस्ता आहे ते डॉ. ई. मोझेस, १९३७-३८ साली मुंबईचे महापौर, हे राजपूरकर. गावाचे नाव आडनावात घालण्याचा हक्क ही लहान गोष्ट नाही. आपल्या माणसांची हाडे ज्या गावांत झिजली त्या गावांची नावे आपल्याला किती पिढ्या लावू दिली गेली? रामजी सकपाळांच्या मुलाच्या नावापुढे आंबडवे या गावावरून नाव लागले, आणि त्याचे पुढे आंबेडकर झाले, ते शाळेच्या पटावर. शनिवार तेल्याला वेशीच्या आत घर होते, तर वेस राखणाऱ्या महाराला वेशीबाहेर. दोघांच्या इतिहासातला हा फरक नजरेआड करून 'सगळे शोषित एकच' असे म्हणणे मला मान्य नाही.

अठराव्या शतकात हे लोक कोकणातून मुंबईत आणि कंपनीच्या फौजेत शिरले. सॅम्युएल इझेकिएल दिवेकर हा असाच एक फौजी. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर १७९६ साली त्याने मुंबईत मांडवी भागात पहिले प्रार्थनामंदिर बांधले. लोक त्याला मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर या नावाचे मूळही तिथेच सांगितले जाते. लोकसंख्येच्या मानाने मुंबई लष्करात बेने इस्राएल पुष्कळ होते, हुद्देदारही झाले. आपल्या लोकांचाही त्या लष्करात मोठा भरणा होता हे सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजाने जातवार पलटणी उभारायला घेतल्या. महारांची भरती बंद झाली, आणि ज्यांची स्वतंत्र पलटण होण्याइतकी संख्याच नव्हती त्या बेने इस्राएलांचीही वाट खुंटली. साहेबाच्या एका कागदाने एकाच वेळी दोन समाजांच्या पोटावर पाय दिला. पण या दोन समाजांनी मिळून त्याविरुद्ध अर्ज केल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही.

१८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि कोकणातली ही कुटुंबे रेल्वे, पोस्ट आणि सरकारी कचेऱ्यांच्या नोकऱ्यांसाठी घाट चढून आमच्या मावळावरून पुण्याला जाऊ लागली. (खंडाळ्याविषयी एक खुलासा. बेने इस्राएल ज्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबी म्हणजे एलिया प्रेषित स्वर्गातून उतरला असे मानतात आणि त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा खडकावर दाखवतात, ते अलिबाग तालुक्यातले खंडाळे. आमच्या घाटावरच्या खंडाळ्यात साहेबांच्या बंगल्यांखेरीज कोणी उतरल्याचे ऐकिवात नाही.) पुण्यात त्यांच्यापैकी दोघा तळकरांनी १८७४ साली वल्हांडण सणाची हागादा हिब्रू आणि मराठीत छापून काढली. छापखाना अग्निहोत्र्यांचा. तिच्यातल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बाया आपल्याकडच्या लुगड्यांत बसल्या आहेत. मिसरच्या फारोच्या गुलामीतून सुटण्याची कथा, ती सांगणारी भाषा मराठी, आणि भाकरी लाटणारा हात कोकणातला. गुलामीतून सुटल्याची ही आठवण दर वर्षी घराघरात वाचली जात होती. आणि त्याच घरात काळ्या इस्राएलचा तांब्या वेगळा होता.

आता मूळ मुद्द्यावर येतो. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल हा भेद कातडीच्या रंगाचा नव्हे. कित्येक गोरे काळ्यांहून सावळे होते. बेने इस्राएल पुरुषाला दुसऱ्या समाजाच्या बाईपासून झालेली संतती ती काळी, बाकीचे गोरे. ही बाई बहुधा घरात राबणारी, खालच्या मानलेल्या जातीची. तिच्या मुलाला बाप आपला देव देई, सुंता करी, शनिवार पाळायला शिकवी, पण आपल्या पंगतीत बसवीत नसे. गोरे काळ्यांशी रोटीबेटी करीत नसत, त्यांना स्वयंपाकाच्या भांड्यांना हात लावू देत नसत, आणि प्रार्थनामंदिरातल्या मानापानातही त्यांची जागा मागची असे. ज्यू धर्मशास्त्रात अशा मुलाला सामावून घेण्याची वाट आहे: विधिपूर्वक धर्मात घ्यावे, मग तो इतरांइतकाच ज्यू. ही वाट असताना पिढ्यान्‌पिढ्या ती वापरली का गेली नाही? उत्तर मोशेच्या पाच पुस्तकांत सापडणार नाही. ते गावगाड्यात सापडेल.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बेटीबंदी हाच जातीचा प्राण ठरवला आहे, आणि एक गट दार लावून बसला की बाहेर उरलेल्यांचीही आपोआप जात बनते हे दाखवले आहे. गोऱ्या-काळ्यांची घडण याहून चांगली कशी समजावून देता येईल? पण 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या भाषणात त्यांनी असेही म्हटले आहे की हिंदूंखेरीज इतरांत जाती दिसल्या तरी तिथे त्यांना धर्माचा आधार नाही. हा फरक खरा आहे. मात्र काळ्या इस्राएलच्या बाजूने पाहिले, तर आपल्याला पंगतीतून उठवणाऱ्याच्या हाती मनुस्मृती नाही यात त्याला कितीसे समाधान? फार तर इतकेच, की लढायला उभा राहिला तर त्याला स्वतःच्याच धर्मग्रंथाचा आधार मिळू शकत होता. आपल्याला तो मिळाला नाही, ग्रंथ जाळावा लागला.

विज्ञानाने अलीकडे या गोरेपणाची गंमत केली आहे. २०१६ साली बेने इस्राएलांच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा वंश मिसळलेला आहे, ही मिसळण साधारण साडेसहाशे ते एक हजार वर्षांपूर्वीची आहे, बापाकडचा अंश मुख्यतः तिकडचा आणि आईकडचा मुख्यतः इकडचा आहे, असे त्यात दिसून आले. म्हणजे गोऱ्यांच्याही घराण्याची मूळ आई बहुतांशी याच मातीतली. काळ्याच्या आजीवरून ज्यांनी त्याला दूर ठेवले, त्यांची आजी एवढीच की जुनी होती, विसरली गेली होती.

आणि ज्याने दुसऱ्याला पायरीखाली बसवले त्यालाही वरच्या पायरीवरचा भेटतोच. १८३२ च्या सुमारास बगदादहून डेव्हिड ससून मुंबईत आला. मागोमाग बगदादी ज्यूंचा समाज वाढला. पुण्याचे लाल देऊळ आणि ससून इस्पितळ यांच्याच पैशाचे, दोन्ही १८६७ ची. सुरुवातीला हे लोक बेने इस्राएलांच्याच मशिदीत प्रार्थना करीत, त्यांच्याच स्मशानात प्रेते पुरीत. पण १८३६ साली बगदाद्यांनी सरकारकडे अर्ज केला की दोघांच्या कबरींमध्ये भिंत घालून मिळावी. मेल्यावरही विटाळ! स्मशानभूमीचे भांडण गावोगाव पाहिलेल्या माझ्या वाचकांना यावर अधिक सांगण्याची गरज नाही. बेने इस्राएल शुद्ध ज्यू नाहीत, यांच्यात हिंदूंचे रक्त आहे, हे बगदाद्यांचे म्हणणे. रंगूनला तर त्यांनी बेने इस्राएलांना मंदिराच्या कारभारात मत देण्याचा आणि विश्वस्त होण्याचा अधिकार नाकारला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि १९३५ साली निकाल बेने इस्राएलांच्या बाजूने लागला.

या सगळ्या वादात बेने इस्राएलांचे पुढारी आपल्या शुद्धतेचा पुरावा काय देत असत? हेच, की आम्ही काळ्यांना वेगळे ठेवले आहे. वरच्याने अशुद्ध म्हटले म्हणून आपण शुद्ध असल्याचे सिद्ध करायचे, आणि ते सिद्ध करायला खालच्याला अशुद्ध ठरवायचे. व्यवस्था टिकते ती याच कारखान्यात. हैम सॅम्युएल केहिमकर यांच्यासारखा मोठा माणूस, ज्याने समाजासाठी १८७५ साली मुंबईत शाळा काढली आणि समाजाचा पहिला भरघोस इतिहास लिहिला (तो १८९७ ला लिहून झाला, पण छापला गेला १९३७ साली तेल अवीवमध्ये), तोही या भेदाकडे सुधारकाच्या रागाने पाहत नाही. केहिमकरांचे ऋण मी मानतो, त्यांच्या ग्रंथावाचून या विषयात पाऊल टाकता येत नाही. पण समाजाच्या इतिहासकाराला समाजातला तळ दिसू नये, हे आपल्याकडेही घडलेले आहे.

दक्षिणेत कोचीनला हाच खेळ अधिक उघड होता. १५६८ च्या परदेशी मंदिरात 'गोरे' ज्यू बसत. त्यांच्याच पूर्वजांनी मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना आत बरोबरीची जागा नव्हती आणि लग्नसंबंध तर नव्हताच. या वंशजांतून अब्राहम बराक सालेम (१८८२-१९६७) नावाचा वकील निघाला. कामगारांच्या संघटना बांधणारा, कोचीनच्या विधिमंडळात बसलेला हा माणूस आपल्या मंदिरातच सत्याग्रहाला बसला. जवळच वायकोमला १९२४-२५ साली अस्पृश्यांसाठी रस्ते खुले करण्याचा सत्याग्रह झाला होता. महाडचे पाणी १९२७ चे. हळूहळू त्याने मंदिरातल्या बहुतेक अटी मोडून काढल्या. काळ्या इस्राएलांत मात्र असा सालेम झाल्याचे दिसत नाही.

१९४८ ला इस्राएलचे राज्य झाले. ते होताना लाखो पॅलेस्टिनी बेघर झाले ही गोष्ट बाजूला ठेवून त्या राज्याविषयी बोलता येत नाही. बेने इस्राएलांपैकी पुष्कळ जण, तेव्हा भारतात वीसेक हजार असतील, मोठ्या आशेने तिकडे गेले. १९५१-५२ सालीच त्यांच्यातल्या काहींनी रंगभेदाची तक्रार करत तेल अवीवला धरणे धरले आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. शंभराहून अधिक जण खरोखरच परत आणले गेले. वचनभूमीतून परतीचे तिकीट मागणाऱ्या या लोकांवर आपल्याकडे कोणी कादंबरी लिहिली नाही याचे मला नवल वाटते.

मोठा तडाखा नंतर बसला. १९६२ साली तिथल्या प्रमुख धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना आदेश दिला: कोणी बेने इस्राएल दुसऱ्या ज्यूशी लग्न करू पाहत असेल तर त्याच्या आईची, आजीची, आणि जाता येईल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. त्यांच्यात परक्यांचे रक्त आहे का, पूर्वी कोणा बाईचा घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाला होता का, हे पाहा. ग्रंथच जवळ नव्हता त्या कोकणच्या तेलिणीने शास्त्रोक्त घटस्फोटपत्र कोणाकडून आणायचे होते? समाज पेटून उठला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणे झाले, बायकापोरे रस्त्यावर बसली. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठाने आदेशातून त्यांचे नाव काढले आणि 'ज्यांच्याविषयी शंका असेल ते' अशी मोघम शब्दरचना घातली. आपल्या राज्यघटनेने १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. शंका मात्र लोकांच्या मनात कायम राहिली. ते असेच झाले.

त्याच जेरुसलेममध्ये मुसरारा वस्तीतल्या अरब देशांतून आलेल्या गरीब ज्यूंच्या पोरांनी १९७१ साली स्वतःला 'ब्लॅक पँथर' म्हणवून घेतले. पुढच्या वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. दोघांनी नाव घेतले अमेरिकेतल्या काळ्यांकडून, आणि दोघांना एकमेकांची ओळख नव्हती. १९९६ साली तिथे उघड झाले की इथिओपियातून आलेल्या काळ्या ज्यूंनी दान केलेले रक्त रक्तपेढी गुपचूप फेकून देत होती. कबरींमधल्या भिंतीपासून रक्ताच्या बाटलीपर्यंत एकशे साठ वर्षे.

माझ्या त्या सहकाऱ्यांनी एकदा मला घरी मलिद्याला बोलावले होते. नवस फेडायचा होता. पोहे, नारळाचा चव, साखर, फळे यांचे ताट, एलियाहू हन्नाबीच्या नावाने प्रार्थना, मग प्रसाद. मलिदा हे नाव पिराच्या दर्ग्यावरचे, प्रार्थना हिब्रू, गप्पा मराठीत. मी विचारले, "आता काळ्या-गोऱ्याचं काय?" ते म्हणाले, "आता कोण विचारतो, सर? प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. रास्ता पेठेत दहा गोळा होईपर्यंत आम्ही दारात उभे असतो. त्यात काळा कोण ते बघायचं, तर प्रार्थनाच व्हायची नाही." भेद विचाराने गेला असता तर मला आनंद झाला असता. तो गेला डोकी मोजता मोजता.

आपल्याला दहांची चणचण नाही, आपण लाखोंनी आहोत. कार्ल्याच्या चैत्यात खांबाखांबावर धेनुकाकटच्या यवनांची दाने कोरलेली आहेत. आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर दोन हजार वर्षे ती उभी आहेत. परदेशी माणसाने खांब दिला, संघाने तो घेतला. लेखात त्याचे नाव आहे, गाव आहे, दान आहे. त्याच्या आजीचा उल्लेख कुठे नाही. देहूरोडला १९५४ च्या २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली तेव्हा आमच्या मावळातून माणसे चालत गेली होती. माझी आजी त्यात होती. तिच्या पणतवंडासाठी गेल्या वर्षी स्थळ आले. मुलगी शिकलेली, घर बौद्ध, भिंतीवर तेच दोन फोटो. सगळे जुळले. मग मध्यस्थ उठता उठता मला बाजूला घेऊन म्हणाला, "गुरुजी, एक विचारायचं राहिलं. तुमच्याकडे सोमवंशी का लाडवण?"